दगड धरतो, दगड सोडतो

दळण घेऊन चाललेल्या माणसाला रस्त्यात थांबवून, त्याच्या डब्याचं झाकण उघडून, आत मनगटापर्यंत हात खुपसणारा एखादा इसम तुम्हाला अंबरनाथ-उल्हासनगरात भेटला असेल, तर ते आमचे गोविंदनाना. त्यांना तुमचं पीठ नको असतं. ते हात आत ठेवून क्षणभर डोळे मिटतात आणि विचारतात, "कुठल्या गिरणीचं?" तुम्ही सांगितलंत की म्हणतात, "लई गरम हाय. दगड घसरायला लागलाय तिथला." मग हाताला लागलेलं पीठ काळजीपूर्वक झटकून तुमच्याच डब्यात टाकतात, कारण दुसऱ्याचं चिमूटभरही नेणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. एकदा विठ्ठलवाडीच्या डेपोपाशी एका बाईने त्यांचा हात आत असतानाच झाकण दाबून धरलं. नाना शांतपणे म्हणाले, "दाबून ठेवा बाई. आतली ऊब बाहेर जात न्हाई."

नाना गिरण्यांच्या दगडांना टाकी लावायचे. पिठाच्या गिरणीतले दोन दगड एकमेकांवर फिरून फिरून गुळगुळीत होतात, त्यांचे दात जातात, आणि मग ते धान्य दळण्याऐवजी नुसतं चोळत बसतात. तेव्हा दगड खोलून त्यांच्यावर छिन्नी-हातोड्याने पुन्हा दात पाडावे लागतात. खांद्याला छिन्न्यांची पिशवी लावून नाना उल्हासनगरच्या कॅम्प दोनपासून बदलापूरच्या हेंद्रेपाड्यापर्यंत गिरणी ते गिरणी फिरत. त्यांच्या हातांवर मागच्या बाजूला निळसर ठिपके होते. छिन्नीच्या टोकाचे कण उडून कातडीत कायमचे बसलेले. कुणी विचारलं तर म्हणत, "गोंदवून घेतलंय. दगडाचं नाव."

आता माणूस आयुष्यभर दगड ठोकतो म्हटल्यावर त्याला दगडाबद्दल दोन मतं असणारच. पण नानांची मतं ऐकायची म्हणजे सकाळचं दुपारपर्यंत जायचं. दगडाला ते माणसासारखे गुण लावत. तो धरतो, तो सोडतो, तो तापतो, तो दमतो. चाळीत कुणाचं भांडण झालं, कुणाची नोकरी गेली, कुणाची सून माहेरी गेली, तरी नानांचा निकाल ठरलेला: "आधी धरतो, मग सोडतो. आणि सोडला की स्वतःच्याच पिठावर घसरत जातो." लोक मान डोलावत आणि घाईने निघून जात.

मी त्या वेळी तेविशीत होतो आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे एका पानात मावतील इतकी तयार होती. माझे वडील सभांना जात आणि येताना पत्रकं आणत. मी अक्षरओळख त्या पत्रकांवर केली. त्यामुळे मला पहिल्यापासून असं वाटायचं की ज्या वाक्यात कुणाचा धिक्कार नाही ते वाक्य अपुरं आहे. आमच्या तरुण मंडळाची पत्रकं मीच लिहीत असे. चाळीत माझं पूर्ण ऐकून घेणारे एकटे नाना होते, आणि नानांचं पूर्ण ऐकून घेणारा एकटा मी. अर्थात दोघेही दुसऱ्याचं संपायची वाट बघत असायचो.

किल्लारीला भूकंप झाला त्या वर्षीची ही गोष्ट. अंबरनाथच्या आमच्या बैठ्या चाळीत त्या दिवशी कुणाचं भांडंसुद्धा हललं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पेपर आला, त्यातले फोटो आले, आणि नानांच्या वैनीने आपली बाज उचलून अंगणात आणली.

वैनी म्हणजे नानांच्या थोरल्या भावाची बायको. नाना तिला वैनी म्हणत म्हणून सगळी चाळ तिला वैनी म्हणे, सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा. ही मंडळी मूळची पाटणकडची. कोयनेच्या धरणाच्या कामावर नाना दगड फोडायला शिकले, आणि पुढे कोयनेच्या भूकंपात घराची भिंत पडून त्यांचे दादा गेले. त्यानंतर नाना वैनीला घेऊन इकडे आले. लग्न केलं नाही. पुढच्या खोलीत नाना, मागच्या खोलीत वैनी, आणि मधल्या दाराला फुलाफुलांचा पडदा, असा त्यांचा पंचवीस-सव्वीस वर्षांचा संसार.

बाज बाहेर आली, मागोमाग गोधडी आली, पाण्याची कळशी आली, आणि चार बांबूंवर प्लॅस्टिकचा कागद ताणला गेला. दिवसभर वैनी घरात राबायची. पण झोपायची वेळ झाली की बाहेर. चाळीला आधी गंमत वाटली. मग गारठा पडायला लागला, आणि वैनीला खोकला झाला. एवढा की तिला बोलताना मधे थांबावं लागे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, उघड्यावर झोपायचं बंद करा, नाहीतर हे छातीत जाईल.

"वैनी, आत या," नाना सांगत. "भिंत विटंची हाय. वर पत्रा हाय. आपल्या गावच्या घरासारखं न्हाई."

"तुमी झोपा आत, भावजी. मला हितं बरं वाटतं."

"भूकंप काय रोज होतो?"

"कधी होतो ते सांगा मंग."

हा प्रश्न नानांच्या वर्मी बसला. दुसरा कुणी असता तर त्याने ठोकून दिलं असतं, की आता शंभर वर्षं काही होत नाही, चला आत. पण नाना खोटं बोलत नसत. गिरणीवाल्याने "आणखी पंधरा दिवस चालेल ना दगड?" असं विचारलं तर "आठ" म्हणून सांगत आणि स्वतःचं काम वाढवायला तसं सांगतात असा आरोप शांतपणे ऐकून घेत. मला म्हणाले, "खोटं सांगून तिला भिंतीखाली नेऊ व्हय? मला नीट कळलं पायजे. दगड कसा सुटतो ते एकदा कळलं, की तिला खरं सांगता येईल."

त्यांनी वैनीला आत आणण्यासाठी विज्ञानाचा मार्ग धरला, आणि मला वाटतं त्या मार्गाने बाईला घरात आणणारे ते जगातले पहिलेच दीर असावेत.

मी वाचनालयातून भूगर्भावरचं एक पुस्तक आणलं. जमिनीत खोल भेगा असतात, भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घट्ट धरून असतात, आतून ताण वाढत जातो आणि एक दिवस पकड सुटते, असं त्यात लिहिलं होतं. मी वाचून दाखवत होतो आणि नाना मधूनमधून "बरोबर," "बरोबर," असं म्हणत होते, जणू लेखकाने त्यांच्याकडून तपासून घ्यायला पाठवलंय. एका ठिकाणी मात्र अडले.

"पकड सुटते, हे झालं. पण सुटल्यावर थांबत का न्हाई? खरखरीत दगड खरखरीत दगडावर. दोन बोटं सरकून परत अडकायला पायजे. हा तर हातहातभर सरकतो म्हंतोस."

पुस्तकात ते दिलं नव्हतं.

"मग मी सांगतो," नाना म्हणाले. "सरकताना आतल्या आत दळण होतं. पीठ पडतं. ते तापतं. आणि वल असली तर वाफ होती. ओला गहू गिरणीत टाकला की बघ, वाफ वरचा दगड पेलून धरती, दगड नुसता तरंगतो. खाली तसंच होत असणार. पहिली बोटभर जागा अवघड. पुढची सोपी. पण मोजून बघाय पायजे."

कॅम्प दोनमधल्या लछमनशेठच्या गिरणीत, मागच्या बाजूला, काळ्या दगडाचा जुना जोड असलेली एक लहान चक्की होती. बाकी सगळीकडे कारखान्यात ओतलेले तयार कुरुंदाचे दगड आले होते. हा जोड राहिला होता. शेठ दुपारी जेवायला घरी जात. त्या वेळात आम्ही गेलो. बेत असा, की चक्कीत धान्य न टाकता दगडावर दगड फिरवायचा, दगड एकमेकांवर दाबणारं हँडल आवळत न्यायचं, आणि काय होतं ते बघायचं. माझ्याकडे घड्याळ दिलं होतं.

मोटर सुरू झाली. नानांनी हँडल आवळलं. दगडांनी एकमेकांना असं धरलं की पट्टा कुंथायला लागला आणि मोटर कण्हायला लागली. ठिणग्या उडाल्या. जळका वास आला. आता पट्टा तुटणार असं मला वाटलं, तेवढ्यात आवाज एकदम उतरला. मोटर मोकळी झाली. हँडल होतं तितकंच आवळलेलं, वजन होतं तेवढंच, पण दगड साबण लावल्यासारखे फिरायला लागले.

"सुटला," नाना हळूच म्हणाले. "किती झालं?"

मी घड्याळाकडे बघू शकलो नाही, कारण मला डोळेच उघडता येत नव्हते. ही चक्की मिरची दळायची होती. दगडांच्या खाचांत वर्षानुवर्षांची मिरची बसलेली होती, आणि ती आता पेटली होती. दोघांच्याही हे लक्षात आलं नाही. नानांच्या डोक्यात दगड होता आणि माझ्या डोक्यात त्याच्यावरचं पत्रक. धूर बाहेर गेला. समोरचा पापडवाला खोकायला लागला, त्याच्या शेजारचा शिलाई मशीनवाला शिंकायला लागला, आणि पाच मिनिटांत अख्खी गल्ली तोंडाला रुमाल लावून लछमनशेठच्या दारात उभी होती. जेवण टाकून शेठ धावत आले.

"गोविंद, ये क्या है, साईं?"

"शेठ, पत्थर सुट्या," नाना वाहत्या डोळ्यांनी म्हणाले. "पैले पकड्या, फिर सोड्या."

"अरे, तू छोड ना उसको. पूरी गली को क्यों पकड़ा है?"

नानांनी चक्की बंद केली, दगड खोलला आणि शेठच्या पुढे धरला. त्या खरबरीत काळ्या दगडावर जागोजाग चकचकीत चट्टे उठले होते, काचेसारखे. "बघा शेठ. टोकं टोकाला घासली, तिथं एवढी आग झाली की दगड इतळला. जमिनीत असंच होत असणार."

शेठनी चट्ट्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाले, "अच्छा है. अभी इसको फिर से टाकी मार, और कल से मिर्ची वाले कमरे में तेरा आना बंद." गिरणीतून मात्र काढलं नाही. नानांसारखी टाकी त्या भागात कुणाला जमत नव्हती, हे शेठना ठाऊक होतं.

नाना दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, टाकी मारायच्या आधी दारात उभे राहिले आणि गिरणीवरच्या माणसाला चक्की चालू करायला लावली. थंड झालेल्या दगडाने पुन्हा पकड घेतली होती; सुरुवातीला मोटर कण्हली. म्हणजे थांबलेला दगड पुन्हा धरतो, हेही कळलं. नाना घरी आले ते ताठ मानेने. आता वैनीला सांगण्यासारखं त्यांच्याकडे काहीतरी होतं.

पण ते एकट्या वैनीला सांगायचं राहिलं, कारण मधे मी पडलो. त्या दिवसांत बदलापुराकडे कुठल्याशा बाबाने पाप वाढलंय म्हणून भूकंप येतो असं सांगायला सुरुवात केली होती, आणि आमच्याही चाळीत दोघीतिघी त्याचा अंगारा घेऊन आल्या होत्या. माझं रक्त तापलं. मी पत्रक काढलं: 'भूकंप हा देवाचा कोप नव्हे, दगडाचा स्वभाव आहे.' खाली लिहिलं की भूकंप माणसांना मारत नाही, भिंती मारतात, आणि कुणाच्या वाट्याला कसली भिंत येते हे पाप-पुण्यावर ठरत नाही. ते वाक्य मी आजही मागे घेणार नाही. त्याच्याखाली मात्र मी 'निर्भयपणे आपापल्या घरात झोपा' असंही लिहिलं, आणि रविवारी सकाळी वंदनेनंतर विहाराशेजारच्या हॉलमध्ये नानांचं व्याख्यान जाहीर केलं.

पत्रक वाचून नाना म्हणाले, "निर्भयपणे झोपा, हे कुणी ठरवलं?"

"नाना, लोकांना धीर द्यायचाय. वैनी पण येणार आहेत."

"म्हणून तर इचारतो."

हॉल भरला. वैनी बायकांत मागे बसली होती, तोंडाला पदर लावून खोकला दाबत. नानांनी टेबलावर एकावर एक दोन सपाट फरशीचे दगड ठेवले, वरच्याला दोरी बांधली आणि जाहीर केलं, "याच्यावर वजन पायजे." मी कार्यकर्ता म्हणून पुढे झालो आणि दगडावर बसलो.

नानांनी दोरी ताणली. दगड हलला नाही. "धरलाय," ते म्हणाले. आणखी ताणली. "अजून धरलाय. ताण वाढतोय. बाहेरून काय दिसतंय? काय न्हाई." लोक पुढे सरकून बघायला लागले. नानांनी पाय टेबलाला लावून जोर केला, आणि दगड सुटला. मी टेबलावरून पुढच्या रांगेत, थेट आमच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या मांडीवर गेलो. टाळ्या पडल्या. नानांनी खालच्या दगडावरची भुकटी बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवली. "हे पीठ बघा. आता परत बसा."

"नाना, नको."

"बस. आता सोपं जाईल."

खरोखरच सोपं गेलं. या खेपेला मी अध्यक्षांच्याही मागच्या रांगेत गेलो.

मग एकाने उठून विचारलं, "नाना, हे सगळं बरोबर. आपल्याकडे होईल का, ते सांगा."

मी जमिनीवरून नानांना हाताने खुणा करत होतो, नाही म्हणा, नाही म्हणा. नानांनी माझ्याकडे बघितलं. मग मागे वैनीकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस एक वाक्य खोटं बोलेल.

"मला म्हाईत न्हाई," नाना म्हणाले. "कुणालाच म्हाईत न्हाई. दगड थांबला की परत धरतो. जितका येळ थांबला तितका घट्ट धरतो. पण कायमचा धरत न्हाई. एवढंच मला कळलं."

आमच्या मंडळाचं ते सर्वांत परिणामकारक व्याख्यान ठरलं. अंगारा घेऊन आलेल्या बायकांनी तो टाकून दिला, हे खरं. पण त्या आठवड्यात आमच्या अंगणात आणखी सात बाजा आल्या.

मी संतापलो होतो. संध्याकाळी नानांच्या दारात गेलो तर नाना आत स्टोव्हवर चहा ठेवत होते. वैनी बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "वैनी, नानांचं सोडा. मी सांगतो. विटांची भिंत आहे, पत्रा हलका आहे. पडलं तरी इथे माणूस मरत नाही. आत झोपा."

"मला काय मरायचं भ्या हाय का रं?" ती म्हणाली. खोकला आला, तो संपेपर्यंत थांबली. "त्या खेपंला आमी तिघंबी आत व्हतो. भावजींना आन मला वाडीवाल्यांनी उकरलं. समद्यांचीच घरं पडलेली, कोण कुणाकडं बघनार? ह्यांच्यापातुर पोचायला दुपार झाली. तवर हाका मारत व्हते. मला आयकू येत व्हत्या, पर मीबी दाबल्याली." तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "घरातलं एक मानूस तरी भाईर पायजे. हाक आयकायला. भावजी दिसभर राबत्यात, त्यांची झोप गाढ. म्हणून मी बसते भाईर."

मी मागे बघितलं तर दारात नाना दोन कप घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. चहावर साय धरली होती. दोन महिने त्यांनी दगडाला विचारायचं ते सगळं विचारलं होतं. बाजेवरच्या माणसाला 'का' एवढंच विचारायचं राहिलं होतं. त्यांनी एक कप वैनीला दिला, दुसरा मला दिला, आणि काहीही न बोलता आत गेले. नाना काही न बोलता आत गेल्याचं चाळीच्या स्मरणात नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवस मी तिकडे फिरकलो नाही. गुरुवारी सकाळी सहाला पाणी भरायला निघालो तर नानांच्या अंगणात बाजेवर वैनी नव्हती. नाना होते. गोधडी पांघरून, भिंतीला पाठ लावून बसले होते आणि खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात बोलत होते. "मग वाफ धरती. वाफ धरली की दगड हलका होतो. हलका झाला की..." घसा पार बसला होता.

"नाना, कुणाशी बोलताय?"

त्यांनी मला हाताने गप्प केलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. आत, पुढच्या खोलीत, वैनी दाराकडे तोंड करून गाढ झोपली होती. खोकला नव्हता.

"आता आमी पाळी लावलीय," नाना कुजबुजले. "एक दिस मी, एक दिस ती. पण मी भाईर हाय हे तिला आयकू यायला पायजे म्हंती. गप झालो की जागी हुती." मग त्यांनी खिडकीकडे वळून दोन वाक्यं आणखी टाकली आणि पुन्हा माझ्याकडे आले. "बरं झालं आलास. जरा बस हितं. मला पाणी प्यायचंय."

"मी काय करू?"

"बोल."

"काय बोलू?"

"कायबी. थांबू नको फक्त."

मी घागर खाली ठेवली आणि बाजेवर बसलो. हजार माणसांपुढे बोलायची माझी तयारी होती, पण झोपलेल्या एका बाईसाठी काय बोलायचं ते सुचेना. शेवटी आमच्या नळाला पाणी किती वाजता येतं, कोण पहिलं नंबर लावतं, कोण मधे घुसतं, ते हळू आवाजात सांगायला लागलो. नाना कळशीपाशी गेले. तांब्या बुडवायच्या आधी परत वळले, खिडकीतून आत एकदा बघून आले, आणि मग पाणी प्यायले.